भाजीसाठी तेल कसं निवडावं: नव्याने स्वयंपाकाला लागलेल्यांसाठी

भाजीसाठी सगळ्यांत चांगलं तेल कोणतं, या प्रश्नाचं उत्तर एका नावात देणाऱ्यावर जरा संशयच घ्यावा. वाफवलेल्या फरसबीवर वरून सोडलेलं जे तेल उत्तम लागतं, तेच रिकाम्या कढईत धूर येईपर्यंत तापवलं की वाया जातं. आणि तेल कितीही गुणी असलं तरी सढळ हाताने ओतून कोणाची तब्येत सुधारलेली नाही. म्हणून तेलाचं नाव शोधण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. आपण भाजी किती आचेवर करतो, तेलात चरबी कोणत्या प्रकारची आहे आणि घरातली बाटली किती दिवसांत संपते. तिसरी गोष्ट सगळ्यांत कंटाळवाणी आहे, पण फरक सगळ्यांत जास्त तिनेच पडतो.

"मग तेल घालूच नये का?" असंही नाही. गाजरातलं बीटा-कॅरोटीन, टोमॅटोतलं लायकोपीन, पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व ही सगळी चरबीत विरघळणारी मंडळी. जेवणात चरबी अजिबात नसेल तर ती पोटात जातात, पण अंगी फारशी लागत नाहीत. त्यासाठी एवढंसं तेल पुरतं, आणि ते भाजीतूनच मिळायला हवं असंही नाही. ताटात दाणे, तीळ किंवा दही असेल तर तेही चालतं. बिनतेलाच्या भाजीचा हट्ट धरून ती बेचव करायची आणि मग कोणी खायचीच नाही, यापेक्षा चमचाभर तेलात केलेली भाजी केव्हाही बरी.

पहिली पायरी: आपली कढई ओळखा

तेलाची निवड चुलीपासून सुरू होते. आठवडाभर घरात भाज्या कशा होतात ते नुसतं बघा. झाकण ठेवून मंद आचेवर शिजवलेली भाजी, मोठ्या आचेवर भरभर परतलेली, ओव्हनमध्ये भाजलेली, तळलेली आणि उकडून वर तेल घातलेली, हे पाच प्रकार तेलाच्या दृष्टीने अगदी वेगळे आहेत.

नवशिक्यांच्या सहसा ध्यानात न येणारी एक गोष्ट इथे सांगतो. भाजीत भरपूर पाणी असतं, आणि ते पाणी असेपर्यंत भाजीचं तापमान १०० अंश सेल्सियसच्या फारसं वर चढत नाही. दुधी, कोबी, पालक, टोमॅटो असली भाजी कढईत पडली की कढईच थंडावते. म्हणजे झाकण ठेवून शिजणाऱ्या रोजच्या भाजीत तेलावर फार मोठा ताण येतच नाही. ताण येतो तो भाजी पडण्याच्या आधी. फोडणीसाठी तेल तापत ठेवायचं आणि तेवढ्यात कांदा चिरायला घ्यायचा, ही ती वेळ. पातळ बुडाची कढई मोठ्या आचेवर असेल तर दोन-तीन मिनिटांत तेल २०० अंशांच्या पलीकडे जातं. चांगलं म्हणून निवडून आणलेलं तेल बहुतेक वेळा याच क्षणी बिघडतं, आणि दोष मात्र तेलाला मिळतो.

तेव्हा आधी चिरून घ्या, मग गॅस पेटवा. तेल कढईत फिरवलं की ते पाण्यासारखं पातळ होऊन सळसळतं आणि पृष्ठभागावर हलक्या लहरी दिसतात. कांद्याचा एक तुकडा टाकून बघा. त्याच्याभोवती लगेच बुडबुडे आले की तेल तयार आहे. निळसर धूर दिसेपर्यंत थांबणं म्हणजे उशीर झाला. त्या धुरात ॲक्रोलिन नावाचं संयुग असतं आणि डोळे चुरचुरतात ते त्यामुळेच. असा धूर सुटला तर गॅस बंद करा, कढई थंड होऊ द्या, ते तेल टाकून द्या आणि नव्याने सुरुवात करा. दोन चमचे तेल वाया गेल्याचं वाईट वाटून त्यातच भाजी रेटू नका.

मोठ्या आचेवर परतणं आणि ओव्हनमध्ये भाजणं यांत गोष्ट थोडी बदलते. भाजीच्या कडा कोरड्या पडून तपकिरी व्हायला लागतात, म्हणजे तिथलं तापमान १४० अंशांच्या पुढे गेलेलं असतं. ओव्हन १८० ते २२० अंशांवर असतो, आणि ट्रेवर भाजीखेरीज जिथे नुसतं तेल सांडलेलं असतं तिथे ते सरळ त्या उष्णतेला सापडतं. तळताना तेल १६० ते १९० अंशांवर बराच वेळ राहतं. या तिन्हींसाठी उष्णतेत टिकणारं तेल लागतं. उकडलेल्या भाजीवर किंवा कोशिंबिरीवर घालायला मात्र अगदी नाजूक तेलही चालतं.

दुसरी पायरी: तेलात काय आहे ते समजून घ्या

कोणतंही तेल तीन प्रकारच्या चरबीचं मिश्रण असतं: संपृक्त, एकअसंपृक्त आणि बहुअसंपृक्त. बाटलीवर त्यांची नावं सॅच्युरेटेड, मुफा आणि पुफा अशी दिसतील. फरक प्रमाणाचा असतो.

संपृक्त चरबी जास्त खाल्ली की रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल वाढतं. तिच्या जागी असंपृक्त चरबी घेतली की ते उतरतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये जुन्या चाचण्या एकत्र तपासल्या. संपृक्त चरबी कमी करून तिच्या जागी बहुअसंपृक्त वनस्पती तेलं दिलेल्या चाचण्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांचे आजार सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालेले त्यांना आढळले. यातला 'तिच्या जागी' हा भाग विसरायचा नाही. आहे त्यात वरून आणखी दोन चमचे 'चांगलं' तेल ओतल्याने हा फायदा मिळत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांच्या दिवसभराच्या ऊर्जेत एकूण चरबी ३० टक्क्यांपर्यंत आणि संपृक्त चरबी १० टक्क्यांपर्यंत असावी. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी याचा हिशेब एकूण चरबी सुमारे ६६ ग्रॅम आणि संपृक्त सुमारे २२ ग्रॅम असा होतो. यात दूध, अंडी, मांस, बिस्किटं, सगळं आलं. हा २२ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता तेलं. खालचे आकडे सर्वसाधारण आहेत. वाण, हवामान आणि प्रक्रियेप्रमाणे ते थोडे मागेपुढे होतात.

एकअसंपृक्त चरबी भरपूर असलेली तेलं म्हणजे ऑलिव्ह आणि ॲव्होकॅडो, दोन्हींत ती ७० टक्क्यांच्या आसपास. कनोला तेलात ती ६० टक्क्यांच्या थोडी वर आणि संपृक्त चरबी जेमतेम ७ टक्के असते. शेंगदाणा तेलात एकअसंपृक्त निम्म्याच्या जवळपास, बहुअसंपृक्त ३० टक्क्यांच्या वर आणि संपृक्त १७ ते २० टक्के. तिळाच्या तेलात एकअसंपृक्त आणि बहुअसंपृक्त दोन्ही चाळिशीच्या आसपास, आणि राईस ब्रान तेलही साधारण असंच मधलं, फक्त त्यात संपृक्त थोडी जास्त, २० टक्के. बहुअसंपृक्त चरबीचं प्रमाण मोठं असलेल्यांत नेहमीचं करडई तेल सुमारे ७५ टक्के, नेहमीचं सूर्यफूल ६५, सोयाबीन आणि मका ५५ ते ५८. संपृक्त चरबीत पहिला नंबर खोबरेल तेलाचा, ८० टक्क्यांहून जास्त. लोण्या-तुपातल्या चरबीचा ६० टक्क्यांहून जास्त भाग संपृक्त असतो आणि पाम तेलाचा जवळपास निम्मा.

रोजच्या भाजीसाठी मी एकअसंपृक्त किंवा मधल्या गटातलं तेल निवडायला सांगेन. एलडीएलच्या दृष्टीनेही ती बरी आणि उष्णतेतही बहुअसंपृक्त तेलांपेक्षा जास्त टिकाऊ. त्या गटातलं नेमकं कोणतं, हे सरळ चवीवर सोडा. शेंगदाणा आवडत असेल तर ऑलिव्हसाठी जीव टाकायची गरज नाही, आणि उलटही खरं आहे.

सूर्यफूल आणि करडईच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवून बाटली बघावी लागते, कारण एका नावाखाली दोन वेगळी तेलं मिळतात. दोन बाटल्या शेजारी ठेवा. दोन्हींवर तेच पिवळं फूल, तोच सोनेरी रंग. मागे वळवून तक्ता वाचा. एकीवर पुफा ६५ ग्रॅमच्या आसपास आणि मुफा २० च्या आसपास. दुसरीवर मुफा ८० च्या वर आणि पुफा एक आकडी. दुसरी 'हाय ओलेइक', म्हणजे ओलेइक ही एकअसंपृक्त चरबी जास्त असलेल्या वाणाच्या बियांपासून काढलेली. पहिली कोशिंबिरीला आणि मंद आचेच्या भाजीला ठीक, दुसरी परतायला, भाजायला, तळायलाही चालणारी. समोरच्या चित्रावरून यातलं काहीच कळत नाही.

जिथे वाद आहेत तिथे

खोबरेल तेलाबद्दल गेल्या काही वर्षांत फार काही बोललं गेलं. त्याने चांगलं एचडीएल वाढतं हे खरं, पण असंपृक्त तेलांच्या तुलनेत एलडीएलही वाढतं. एका मोठ्या चमच्यात सुमारे ११ ग्रॅम संपृक्त चरबी असते. म्हणजे मघाचे २२ निम्मे झाले, आणि अजून बाकीचं जेवण बाकीच आहे. चवीसाठी एखाद्या भाजीत खुशाल घाला. औषध म्हणून चमच्याने पिऊ नका. तुपाचंही तेच: वरून थोडं, चवीपुरतं.

दुसरी भीती ओमेगा-६ ची, म्हणजे बहुअसंपृक्त चरबीच्या एका प्रकाराची. बियांच्या तेलांतलं लिनोलेइक आम्ल हे मुख्य ओमेगा-६ शरीरात दाह वाढवतं असा प्रचार जोरात चालतो. माणसांना ते जास्त प्रमाणात देऊन बघितलेल्या प्रयोगांत दाहाच्या रक्तचाचण्या तशा वाढलेल्या दिसत नाहीत. सूर्यफूल किंवा सोयाबीन तेलाची बाटली घाबरून फेकून द्यायचं कारण नाही. ओमेगा-३ कमी पडतंय असं वाटत असेल तर ते वाढवा. कनोलात ते सुमारे ९ टक्के, सोयाबीनमध्ये ७ आणि जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त असतं. फक्त जवसाचं तेल तापवायचं नाही. १०७ अंशांच्या आसपासच ते धूर सोडायला लागतं. शिजलेल्या भाजीवर वाढताना घाला.

मोहरीच्या तेलात युरुसिक आम्ल असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याचा हृदयाच्या स्नायूवर परिणाम दिसल्यामुळे युरोपात खाद्यतेलातल्या त्याच्या प्रमाणावर मर्यादा आहे, आणि अमेरिकेत तर हे तेल खाद्यतेल म्हणून मान्यच नाही. माणसांत तसाच अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही. कॅनडातल्या संशोधकांनी १९७० च्या दशकात मोहरीच्याच कुळातल्या रेपसीडचं हे आम्ल अगदी कमी असलेलं वाण तयार केलं, त्याचं तेल म्हणजे कनोला. मोहरीच्या तेलाची झणक आवडत असेल तर ते आलटून-पालटून वापरावं, सगळा स्वयंपाक एकट्या त्यावर टाकू नये, असं माझं मत.

एका बाबतीत मात्र वाद नाही. अंशतः हायड्रोजनीकृत तेल घरात आणू नका. द्रव तेल हायड्रोजनने घट्ट करण्याची युक्ती जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी १९०२ मध्ये पेटंट केली. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून ती जगभर पसरली, आणि तिच्यातून तयार होणारी ट्रान्स फॅट एलडीएल वाढवून एचडीएल खाली आणते हे कळायला बरीच दशकं गेली. डेन्मार्कने २००३ मध्ये पहिल्यांदा कायद्याने मर्यादा घातली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कारखान्यात तयार होणारी ट्रान्स फॅट जगातूनच हद्दपार करण्याची हाक दिली.

तिसरी पायरी: स्मोक पॉइंटला किती किंमत द्यायची

ज्या तापमानाला तेल सतत धूर सोडू लागतं तो त्याचा स्मोक पॉइंट. एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्हचा साधारण १९० ते २०५ अंश, रिफाइंड न केलेल्या तिळाच्या आणि खोबरेल तेलाचा १७५ च्या आसपास, रिफाइंड शेंगदाणा आणि सूर्यफुलाचा २३० च्या आसपास, रिफाइंड ॲव्होकॅडोचा २६० च्याही पुढे. मंद ते मध्यम आचेच्या भाजीला जवस सोडून यांतलं कुठलंही चालतं. तळण्यासाठी २०० च्या वरचं घ्या.

पण नुसत्या या आकड्यावर तेल निवडू नका. धूर दिसायच्या आधीच तेलात बिघाड सुरू झालेला असतो, आणि तो किती वेगाने होतो हे बहुअसंपृक्त चरबीच्या प्रमाणावर जास्त अवलंबून असतं. रिफाइंड करडईचा स्मोक पॉइंट २५० च्या वर आहे, एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्हचा त्याहून बराच कमी. तरीही तापत्या कढईत ऑलिव्ह जास्त वेळ टिकतं, कारण त्यात लवकर बिघडणारी चरबी कमी आणि बिघाड रोखणारी पॉलिफेनॉल्स जास्त. 'ऑलिव्ह तेल तापवलं की विषारी होतं' हे जे ऐकायला मिळतं त्यात तथ्य नाही.

चौथी पायरी: घाण्याचं की रिफाइंड?

घाण्याचं किंवा कोल्ड-प्रेस्ड तेल म्हणजे बिया दाबून, गाळून काढलेलं. रंग, वास, चव आणि ई जीवनसत्त्वासारखे घटक त्यात बरेचसे राहतात. ते लवकर खवट होतं आणि लवकर धूर सोडतं. रिफाइंड तेल बहुधा हेक्सेनसारख्या द्रावकाने काढतात, मग त्यातला चिकट भाग, आम्लं, रंग आणि शेवटी २०० अंशांच्या वर वाफ देऊन वास काढून टाकतात. द्रावकही निघून जातो. उरतं ते एकसारखं, बिनवासाचं, टिकाऊ तेल. या शेवटच्या टप्प्यात काही नको असलेली संयुगं थोड्या प्रमाणात तयार होतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये पाहणी केली तेव्हा ती पाम तेलात सर्वाधिक सापडली.

एवढ्यावरून घाण्याचं ते अमृत आणि रिफाइंड ते विष, असं मांडणं मला पटत नाही. चरबीचं प्रमाण दोन्हींत जवळपास तेच राहतं. घाण्याचं खोबरेल तेल संपृक्तच असतं, रिफाइंड कनोला असंपृक्तच. झेपत असेल तर रोजच्या मध्यम आचेच्या भाजीला घाण्याचं, मोठ्या आचेला रिफाइंड, ही वाटणी सोयीची.

घरात कोणाला शेंगदाणा किंवा तिळाची ॲलर्जी असेल तर इथे विशेष जपा. पूर्ण रिफाइंड तेलात बियांची प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, घाण्याच्या तेलात ती राहू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्हीही आणू नयेत हे उत्तम.

पाचवी पायरी: बाटली उलटी धरून वाचा

पुढची बाजू जाहिरातीची असते, माहिती मागे. 'कोलेस्टेरॉल-फ्री' हे शब्द तर मनातून पुसूनच टाका. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नावापुरतंच असतं, त्यामुळे ते नसल्याची फुशारकी कुठलीही बाटली मारू शकते, अगदी खोबरेल तेलाचीसुद्धा. ऑलिव्ह तेलावरचं 'लाइट' रंग आणि चवीबद्दल असतं, कॅलरी तेवढ्याच. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' या शब्दाला मात्र ठरलेला अर्थ आहे: मुक्त आम्लता ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त नाही आणि चव-वासात दोष नाही.

मागच्या तक्त्यात संपृक्त चरबीचा आकडा बघा. दर १०० ग्रॅमला २० च्या आत असेल तर रोजच्या वापराला चांगलं. ट्रान्स फॅट शून्य किंवा शून्याच्या जवळ हवी. मग घटकांची यादी. 'ब्लेंडेड' लिहिलं असेल तर कोणती तेलं किती टक्के ते शोधा. समोर मोठ्या अक्षरांत ऑलिव्हचं नाव आणि आत वीस टक्केच ऑलिव्ह, असं होतं. शेवटी तारीख. 'बेस्ट बिफोर'पेक्षा तेल कधी भरलं ती तारीख जास्त उपयोगाची. पारदर्शक बाटली उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली मांडलेली असेल तर मागच्या रांगेतली घ्या.

नवीन घर लावत असाल तर दोन बाटल्या पुरतात. एक मोठी, रोजची, एकअसंपृक्त किंवा मधल्या गटातली. दुसरी लहान, वासाची, वरून घालायला: घाण्याचं तीळ, एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह किंवा जवस. पाच-सहा तेलं एकदम आणली की त्यातली तीन कपाटात खवट होतात.

सहावी पायरी: मोजा

सगळ्या तेलांत १ ग्रॅमला ९ कॅलरी असतात, महागड्यातही. १५ मिलीच्या मोठ्या चमच्यात सुमारे १२०, ५ मिलीच्या लहान चमच्यात सुमारे ४०. बाटली तिरपी करून 'थोडंसं' सोडलं की बहुतेकांच्या हातून दोन ते तीन मोठे चमचे जातात. विश्वास बसत नसेल तर एकदा ते तेल आधी वाटीत ओता आणि चमच्याने मोजून बघा.

रोज मोजायचा कंटाळा येत असेल तर बाटली उघडाल त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहा. चार माणसांच्या घरात एक लिटर पंधरा दिवस पुरलं, तर माणशी दिवसाला साधारण १७ मिली, म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास तेल झालं, सुमारे १४० कॅलरी. तेच आठ दिवसांत संपलं तर माणशी ३१ मिली आणि अडीचशे कॅलरी. तेल बदलण्याआधी हा आकडा काढा. पुष्कळ घरांत तेल तेच ठेवून बाटली चार-पाच दिवस जास्त पुरवली तरी नव्या तेलापेक्षा जास्त लाभ होतो.

तेल कमी करायचं तर भाजीचा स्वभाव बघून. वांगं आत हवेच्या पोकळ्यांनी भरलेलं असतं, ते स्पंजासारखं तेल पितं आणि कढई पुन्हा कोरडी दिसली की आपण आणखी ओततो. फोडींना मीठ लावून वीस-तीस मिनिटं ठेवा आणि दाबून पाणी काढा, किंवा आधी चार-पाच मिनिटं वाफवून घ्या. पोकळ्या बसतात आणि निम्म्या तेलात काम होतं. मशरूमला सुरुवातीला तेल घालूच नका. त्याचं पाणी सुटून आटलं की मग चमचाभर घाला. बटाटा, फ्लॉवर, गाजर आधी अर्धवट वाफवून नंतर परतले तर तेलात परतायला कमी वेळ लागतो. भेंडीला मात्र पाणी चालत नाही. ती धुऊन अगदी कोरडी करून, पसरट कढईत, एका थरात परता. कांदा बुडाला धरायला लागला की हात तेलाकडे जातो, तिथे दोन चमचे पाणी शिंपडा. पाणी आटेल, कांदा सुटेल आणि शिजेलही. ओव्हनसाठी तेल ट्रेवर न ओतता भांड्यात भाजीला हाताने चोळा. चौघांच्या भाजीला एक ते दीड मोठा चमचा पुरतो.

सातवी पायरी: साठवण आणि खवटपणा

तेलाचे शत्रू तीन: उजेड, उष्णता आणि हवा. आणि आपण बाटली ठेवतो कुठे, तर गॅसच्या शेजारी, खिडकीत. ती बंद कपाटात हलवा. मोठा डबा आणत असाल तर आठवड्यापुरतं लहान बाटलीत काढा आणि डबा घट्ट लावा. लहान बाटली संपल्यावर धुऊन, पूर्ण वाळवून मगच पुन्हा भरा. जुन्या तेलाच्या तळावर नवं ओतलं की खवटपणाची सुरुवात आयती मिळते. जवसाचं तेल फ्रिजमध्ये, उघडल्यापासून थोड्या आठवड्यांत संपवायचं. ऑलिव्ह किंवा शेंगदाणा तेल थंडीत गढूळ होतं, गोठतं. त्यात बिघाड काही नाही, खोलीच्या उबेत पुन्हा स्वच्छ होतं.

खवट तेल ओळखायला चार थेंब तळहातावर घ्या, दुसऱ्या हाताने चोळून गरम करा आणि वास घ्या. ताज्या तेलाला त्या बीचा वास येतो किंवा काहीच येत नाही. खवट तेलाला भिंतीच्या जुन्या रंगासारखा, मेणाच्या खडूसारखा वास येतो आणि जिभेवर ते कडवट, घशाला खाजरं लागतं. तारीख उलटली नसली तरी असं तेल टाकावं.

तळून उरलेल्या तेलाचं काय?

एकदा तळलेलं तेल थंड करून, बारीक गाळणीतून किंवा कापडातून गाळून, झाकून ठेवलं तर दोन-चार दिवसांत एखाद-दुसऱ्या भाजीला वापरता येतं. ते पुन्हा तळणीला न वापरता परतायला वापरून संपवलेलं बरं. खालचा काळा गाळ काढला नाही तर तेल लवकर बिघडतं. पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात पोलर संयुगं, म्हणजे तेल बिघडून तयार होणारे घटक, साठत जातात. खानावळींच्या तळणीसाठी अनेक देशांनी त्यांची कमाल मर्यादा २४ ते २७ टक्क्यांच्या दरम्यान ठरवलेली आहे. घरी ते मोजायचं यंत्र नसतं, पण तेल काळपट होणं, काकवीसारखं दाट होणं, गरम करताच फेस येणं आणि आधीपेक्षा लवकर धूर सुटणं, यांतलं एक जरी दिसलं तरी त्याचा पुढचा वापर थांबवा.

असं तेल मोरीत ओतू नका, ते पाइपात थिजतं आणि पाइप चोंदतो. थंड झाल्यावर रिकाम्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून कचऱ्यात द्या. तुमच्या भागात वापरलेलं खाद्यतेल गोळा करण्याची सोय असेल तर तिथे द्या, त्यापासून बायोडिझेल करतात. कढईला लागलेलं तेल धुण्याआधी कागदाने पुसून घेतलं की साबणही कमी लागतो.